खोब्रागडेबाईंची पोटदुखी

खोब्रागडेबाई कधी आजारी पडलेल्या मला आठवत नाहीत. हिवतापानं अर्धं गाव अंथरूण धरायचं तेव्हाही बाई छत्री घेऊन घरोघर फिरत असायच्या. एकदाच त्या आजारी पडल्या, तेही खोटंखोटं, आणि ती खोटी पोटदुखी त्यांनी पुढं कित्येक महिने नेटानं चालवली. मर्काटोल्यात ती अजून लोकांच्या तोंडी आहे.

मर्काटोला हे भामरागडच्या रस्त्यावरून फाटा सोडून आत शिरलं की लागणारं माडिया लोकांचं गाव. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात बाई नर्स होत्या. मी ब्रह्मपुरीहून त्यांच्या हाताखाली कंत्राटी नर्स म्हणून आले, तेव्हा वरिष्ठ म्हणजे कुणी भारदस्त बाई असतील अशी माझी समजूत होती. येऊन पाहते तर उपकेंद्राच्या ओट्यावर एक ठेंगणी, काळीसावळी बाई जाड भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवून तांदूळ निवडत बसलेली. मॅडम कुठं आहेत असं मी विचारलं. तिनं सुपातून नजर काढली नाही.

"मॅडम इथी राह्यत नाई. मी राह्यतो. जेवली का?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडंच जेवू लागले. बाई आरमोरीच्या. गावाकडून येताना तांदळाची चुंगडी आणायच्या, आणि भात सोडून दुसऱ्या कशाला त्या जेवण मानायच्या नाहीत. पोळी म्हणजे त्यांच्या मते आजाऱ्याचं खाणं. धान हाच त्यांचा विषय, धान हाच त्यांचा दाखला. बाळंतपणाबद्दल बोलतानाही त्या धानाच्या बांधीत उतरल्याशिवाय राहायच्या नाहीत. "पोट दिसाले लागलं म्हणजे अर्धा रोवणा होऊन गेला," त्या मला सांगायच्या. "पऱ्हेच बिघडले असन त मंग चिखलात उभं राहून का करशीन?"

पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. ती नीट उगवली तर पुढं रोवणीला अर्थ. बाईंना गावातली प्रत्येक गरोदर बाई दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हवी असायची, कारण रक्त कमी असणं, लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातला हिवताप, तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा, यातलं काहीतरी एक गुपचूप काम करत राहतं आणि मूल वेळेआधी बाहेर येतं. सुरुवातीला कळलं तर यातल्या बहुतेकांवर इलाज आहे, आणि तोही उपकेंद्रातल्या कपाटात मावणारा. पण बायका यायच्या सहाव्या-सातव्या महिन्यात, लपवणं अशक्य झाल्यावर. दिवस गेल्याचं तोंडानं बोलायचं नाही, बोललं की नजर लागते, हा तिथला पक्का समज. आमच्या ब्रह्मपुरीत तरी काय वेगळं होतं? आमची आईसुद्धा तिसरा महिना सरेपर्यंत शेजारणीला ताकास तूर लागू देत नसे.

आणखी एक वाक्य बाईंना फार झोंबायचं. सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं कुणीही सहज म्हणायचं. बाई स्वतः सातमाही होत्या. आजीनं कापसात गुंडाळून टोपलीत वाढवलेल्या. डोळे जन्मापासून अधू, चष्मा लागला तो शाळेत जाण्याआधी. लोक त्यांच्याकडंच बोट दाखवायचे, म्हणायचे, बाई, तुम्ही नाही का जगल्या? एरवी शांत असणाऱ्या बाई तेव्हा ताडकन बोलायच्या, "मी वाचली म्हणून सांगाले हावो. जे नाई वाचले ते सांगाले येत नाई."

खर्ऱ्याबाबत मात्र त्या उपदेश करायच्या नाहीत. गरोदर बाईच्या गालात तोबरा दिसला की समोर नुसता तळहात पसरायचा. हलवायचा नाही, काही बोलायचं नाही, मिळेपर्यंत मागं घ्यायचा नाही. समोरची शरमून खर्ऱ्याची पन्नी हातावर ठेवायची आणि ती एका जुन्या डालड्याच्या डब्यात जायची. गायता म्हणजे गावचा पुजारी. त्याची म्हातारी त्या डब्यातला खर्रा हक्कानं मागायला यायची आणि बाई तिला द्यायच्याही. मी रागावले तर म्हणाल्या, हिले आता का लेकरू होते?

पण बाईंची खरी जागा उपकेंद्र नव्हती. त्यांची जागा होती कुर्माघर. पाळीच्या दिवसांत तिथल्या बायका गावाबाहेरच्या एका लहानशा झोपडीत राहतात, तिला कुर्माघर म्हणतात. घरात शिरायचं नाही, विहिरीला शिवायचं नाही, जेवण घरून येतं आणि लांब ठेवलं जातं. बदली होऊन आल्यावर पहिलं वर्षभर बाई या झोपडीविरुद्ध गावाशी भांडत राहिल्या. झोपडी जागची हलली नाही. बायकांनी मात्र बाईंना दार उघडणं बंद केलं. मग एका दुपारी बाई भांडण बाजूला ठेवून स्वतःच तिथं जाऊन बसल्या.

बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गावातल्या बायका मोकळ्या बोलतात त्या फक्त इथं. सासू नाही, नवरा नाही, डोक्यावर हंडा नाही. कुणाचं अंग दुखतं, कुणाला लघवीला जळजळ होते, मागच्या वेळी मूल कसं गेलं, सगळं इथं निघायचं. बाईंची गोंडी आरमोरीच्या वळणाची होती. त्या एक म्हणायला जायच्या, होऊन भलतंच जायचं, आणि बायका हसून लोळायच्या. बाई मुद्दाम चुकायच्या की काय, हे मला कधी कळलं नाही.

आणि इथंच त्यांना त्यांची युक्ती सापडली. झोपडीत कोण बसलंय याकडं त्या पाहायच्या नाहीत. कोण यायला हवी होती आणि आली नाही, हे पाहायच्या. परत आल्यावर मला सांगायच्या, अमकी आली नाही. मग दोन-चार दिवसांत त्या अमकीच्या अंगणात बाई कोंबडीची चौकशी करायला टपकायच्या, बोलता बोलता तिचं रक्त तपासायच्या, हिवतापाच्या तपासणीसाठी रक्ताचा थेंब घ्यायच्या, गोळ्या हातात ठेवायच्या. दिवस गेले का, असं त्यांनी कधीच कुणाला विचारलं नाही. बोलायचं नाही हा गावाचा नियम त्यांनी पाळला आणि काम मात्र सगळं करून घेतलं.

याची किंमत त्यांना नाल्यावर मोजावी लागे. कुर्माघराला शिवलेल्या माणसानं आंघोळ केल्याशिवाय गावात पाय ठेवायचा नाही. बाई दर वेळी गावाबाहेरच्या नाल्यात डोक्यावरून पाणी घ्यायच्या, थंडीतसुद्धा. मी टॉवेल घेऊन उभी. एकदा मला राहवलं नाही. आपण दोघी बौद्ध, आपण हे काऊन पाळायचं, असं मी विचारलं. बाई केस पिळत होत्या.

"माह्या आज्यानं दीक्षा घेतली ते याच शिवाशिवीतून सुटासाठी. मले का ठाऊक नाई? पर मी आंघोळ नाई केली त उद्या गायता बायकाइले माह्यासंग बसू देणार नाई. मंग माह्या तत्त्वानं कोणाचं लेकरू वाचन, सांग."

हे बोलताना त्या हसल्या नाहीत. ते पाणी त्यांना खुपत होतं आणि शेवटपर्यंत खुपत राहिलं. मला तेव्हा त्यांचं पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलंय असं म्हणवत नाही, पण त्यांच्या जागी मी काय केलं असतं हेही मला सांगता येत नाही.

आता सोमीबद्दल. सोमी ही लालसूची बायको, काटक, अबोल, मोहफुलं वेचण्यात गावात पहिली. बाईंना ती युक्ती सापडण्याआधी तिची दोन मुलं वेळेआधी गेली होती. पहिलं सहाव्या महिन्यात, दुसरं सातव्या. दुसरं एक दिवसभर जगलं. दोघांनाही गावालगतच्या मोहाखाली पुरलं होतं. दोन्ही वेळा सोमीचं पोट म्हणावं तसं दुखलंच नव्हतं, हे तिनं कुर्माघरात बाईंना सांगितलं आणि बाई तिला घेऊन गडचिरोलीच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं की मुलाचं ओझं वाढलं की गर्भपिशवीचं तोंड आपोआप उघडतं. पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यात आणा, टाका घालू. खात्री देत नाही, पण उशीर झाला तर टाक्याचाही उपयोग नाही.

सोमीनं मान हलवली होती. पण तिच्या मनातला हिशेब वेगळाच होता. पहिल्या वेळी पाचवा आणि दुसऱ्या वेळी सहावा सरताना तिनं बाईंना सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा सांगितल्यानंतर थोड्याच दिवसांत मूल गेलं होतं. म्हणजे सांगितलं म्हणून गेलं. यात तिची चूक तरी कशी काढायची? तिनं जे पाहिलं होतं त्यावरून दुसरं काय वाटणार?

त्या वर्षी मोहफुलं पडायला लागली तेव्हा बाई सोमीच्या बाबतीत निर्धास्त होत्या. सोमी दर महिन्याला वेळेवर कुर्माघरात बसत होती. एका दुपारी बाई तिथून आल्या आणि नाल्यावर बराच वेळ पाण्यातच उभ्या राहिल्या. मी हाक मारल्यावर बाहेर आल्या. घरी चुलीपाशी बसल्यावर हळूच म्हणाल्या, "सोमी खोटी बसून राह्यली."

बाई दर महिन्याला तिथं पॅडची पाकिटं वाटायच्या. सोमीची दोन पाकिटं छपराच्या बांबूत खोचलेली होती, न फोडलेली. दिवस गेलेत हे कुणालाच, अगदी बाईंनाही कळू नये म्हणून ती पाळीचं सोंग घेऊन झोपडीत बसत होती. झोपडीत कोण नाही हे पाहणाऱ्या बाईंना तिनं बरोबर चकवलं होतं.

बोलावून विचारू या, असं मी म्हटलं. बाईंनी नको म्हणून मान हलवली. विचारलं तर ती घाबरून पहाडातल्या माहेरी निघून जाईल, आणि मग टाका घालण्याचे दिवस तिथंच निघून जातील. तिसरा महिना सरत आला होता. न विचारता चालत नव्हतं आणि विचारूनही चालत नव्हतं. त्या संध्याकाळी बाई भातसुद्धा नीट जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमी झोपडीतून घरी परतली, आणि बाईंनी ओट्यावरच्या बाजेवर अंग टाकून कण्हायला सुरुवात केली. मी धावत थर्मामीटर आणला. बाईंनी एक डोळा उघडून मला दटावलं, की मी बरी आहे, तू जरा मोठ्यानं घाबर. मी घाबरले. गाव गोळा झालं. बाईंनी सांगितलं, पोटात फार दुखतंय, गडचिरोलीला जावं लागेल, ही पोरगी उपकेंद्र सोडून येऊ शकत नाही, तेव्हा सोबतीला कुणी धडधाकट बाई द्या. सोमीला द्या. लालसू लगेच तयार झाला. दोन्ही खेपांना बाई त्यांच्या दारात बसून राहिल्या होत्या, हे तो विसरला नव्हता.

तेवढ्यात गायता काठी टेकत आला. म्हाताऱ्यानं बाईंच्या तोंडाकडं पाहिलं, मग सोमीकडं, मग पुन्हा बाईंकडं. त्यानं कुणाला तरी मूठभर तांदूळ आणायला लावले आणि ते बाईंवरून ओवाळले. मग सोमीला जवळ बोलावून बाईंशेजारी उभं केलं, म्हणाला, संगं जाणारीवरूनही ओवाळलं पाहिजे. ओवाळून झाल्यावर गावाला त्यानं बजावलं की शिस्टरबाईचं पोट नाजूक आहे, त्याबद्दल वाटेत कुणी बोलायचं नाही. म्हातारा सगळं समजला होता, आणि न बोलण्याचा आयुष्यभराचा आपला नियमही त्यानं मोडला नव्हता. बाईंचं आणि त्याचं एकमेकांशी एवढं पटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढचं मला बाईंनी सांगितलं. दवाखान्याच्या फाटकाशी सोमी थांबली आणि पुढं येईना. तेव्हा बाईंनी तिला झाडाखाली बसवलं. गावाशी खोटं बोलले, तुझ्याशी खोटं बोलणार नाही, असं आधी सांगितलं आणि मग जे सांगायचं ते आपल्या मोडक्या गोंडीत आणि आरमोरीच्या मराठीत मिळून सांगितलं.

"तुहं लेकरू सांगितल्यानं नाई गेलं, बाई. उशिरा सांगितलं म्हणून गेलं. आता तू टायमावर हायेस. पर तू नाई म्हणशीन त आपण आताच वापस जाऊ. मी गावात सांगीन, माहं पोट बरं झालं."

सोमीनं बाईंची छत्री उचलली आणि आत चालू लागली. टाका पडला.

परत आल्यावर बाई मला म्हणाल्या की भीती वाटते. हेही मूल गेलं तर सोमीचंच खरं ठरेल, आणि मग या गावातली एकही बाई आपल्या दारात येणार नाही. बाईंनी भीती वाटते असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग सुरू झाली ती पोटदुखी. लोक बाईंना तब्येत विचारायचे आणि बाई चारचौघांत सांगायच्या, रक्त कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. सोमी घरी गोळ्या खायची. बाई सांगायच्या, लघवीत खराबी होती, औषध घेतलं, आता बरी आहे. सोमीचं औषध झालेलं असायचं. दर महिन्याला बाईंना दवाखान्यात जावं लागे आणि सोबतीला सोमी लागे. आजारी बाईंसाठी बायका अंडी आणायच्या, मासोळी आणायच्या. त्यातलं निम्मं सोमीच्या पोटात जायचं आणि निम्मं बाईंच्या. त्या आजारात बाई चांगल्याच जाड झाल्या. मी चिडवलं तर म्हणायच्या, दुखणं भारी आहे. मोहाची टोपली लालसू स्वतः उचलू लागला. पुरुषानं बायकोची टोपली उचलली म्हणून कुणी हसलं नाही. पुढचे दोन महिने सोमी कुर्माघरातही बसली, आणि ज्या झोपडीशी बाई वर्षभर भांडल्या होत्या तिच्याकडं पाहून म्हणाल्या, बसू दे, तेवढे दिवस ओझं तरी नाही उचलत.

सहावा महिना गेला. सातवा लागला तेव्हा बाई रोज काहीतरी निमित्त काढून लालसूच्या अंगणावरून जायच्या. सातवाही गेला. पुलावरून पाणी जायला लागण्याआधी बाईंनी सोमीला दवाखान्याजवळच्या माहेरघरात नेऊन ठेवलं. दूरच्या गावांतल्या गरोदर बायकांनी बाळंतपणाआधी राहायची ती जागा. लालसू तिथंच राहिला, बाई परतल्या, आणि मग पाण्यानं रस्ता तुटला. फोन लागत नव्हता. बाई ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसायच्या. मांडीवर सूप असायचं, पण तांदूळ तसेच राहायचे.

पाणी उतरल्यावर लालसू चिखलानं माखून चालत आला. तो आपल्या घरी गेला नाही, सरळ आमच्या ओट्याशी आला. मुलगी झाली, दिवस भरून झाली. बाईंनी वजन विचारलं नाही. आधी विचारलं, रडते का? लालसू म्हणाला, रात्रभर झोपू देत नाही. बाईंनी चष्मा काढला आणि त्या रडल्या. मीही रडले. मग तोंड पुसून त्या उठल्या आणि जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "माहं पोट आता बरं हाये."

त्यानंतर दोनेक वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला चहा-चिवडा झाला. सोमी मुलीला कडेवर घेऊन आली होती. पोरगी बाईंचा चष्मा ओढत होती आणि बाई ओढू देत होत्या. सकाळीच त्या कुर्माघरात जाऊन आल्या होत्या आणि नाल्यावर आंघोळही करून आल्या होत्या. मी म्हटलं, आता तर तुम्ही चालल्या. त्या म्हणाल्या, मी चालली, तू इथीच हायेस ना.

मी त्यांची पेटी उचलून फाट्यापर्यंत गेले. बाईंना बसनं गडचिरोलीवरून आरमोरीला जायचं होतं. बस येताना दिसली तेव्हा मागून गायता आला, काठी टेकत, धापा टाकत. त्याच्यामागं त्याची नवी नातसून. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. हातात पिशवी, नजर खाली. पोट मुळीच दिसत नव्हतं. म्हातारा बाईंकडं न पाहता, रस्त्याकडं पाहत बोलला.

"शिस्टरबाई, तुमचं पोट रस्त्यात दुखन. इले संग घेऊन जा. गडचिरोलीले दाखवून घ्या."

बाईंनी त्या पोरीच्या हातातली पिशवी घेतली, तिला आधी बसमध्ये चढवलं, खिडकीशी बसवलं आणि आपण शेजारी बसल्या. बस सुटली. खिडकीत ती पोरगी आणि तिच्या खांद्यावरून दिसणारा बाईंचा चष्मा. बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि म्हाताऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं कण्हायला लागल्या.